सोवळ्यातली कुत्र्याची छत्री: घरच्या घरी धिंगरी अळिंबी

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या जुन्या घराच्या मागच्या अंगाला एक न्हाणीघर आहे. पुढे नवी बाथरूम झाली आणि तिथं फक्त तांब्याचा बंब, एक मोडका पाट आणि दिवाळीचे आकाशकंदील उरले. चार वर्षांपूर्वी मी तिथं अळिंबी लावायचं काढलं, तेव्हा सासूबाई एवढंच म्हणाल्या, "घरात कुत्र्याच्या छत्र्या लावणार? लाव बाई. देवघराच्या बाजूला तेवढ्या नकोत."

त्यांनी आजवर त्यातली एकही तोंडात घातलेली नाही. जुन्या धर्मशास्त्रात छत्राक अभक्ष्य सांगितलंय, आणि त्यांच्या माहेरी ते कसोशीनं पाळायचे. पण आज आमच्या घरात पिशव्या भरायचं काम त्यांच्याकडेच आहे. ते का, ते पिशव्या भरायच्या वेळी सांगते. आधी भुसा आणायला हवा.

कुठली अळिंबी, आणि कधी

पहिल्यांदा करणाऱ्यानं धिंगरीच घ्यावी, म्हणजे शिंपल्याच्या आकाराची ऑयस्टर. बाजारात मिळणाऱ्या पांढऱ्या बटनला खास कुजवलेलं कंपोस्ट लागतं आणि फळं धरताना १६-१८ अंशांचा गारवा लागतो. इंदुरात एसीशिवाय तो वर्षातून जेमतेम दोन महिने मिळेल. धिंगरीला साधा भुसा चालतो आणि २० ते २८ अंशांत ती खूश असते.

धिंगरी पोसते मेलेल्या वनस्पतीवर. भुशातलं लिग्निन, म्हणजे काडीला कडकपणा देणारा चिवट भाग, फोडून खाणं फार थोड्या जिवांना जमतं. तिला जमतं, म्हणून ती पिशवीत वाढते. उलट बस्तरच्या साल वृक्षांच्या वनात पहिल्या पावसात जमिनीतून निघणारा बोडा, ही रानातली अळिंबी, घ्या. लोक त्यासाठी वाट्टेल ती किंमत मोजतात, पण त्याची शेती होत नाही. त्याची बुरशी साल वृक्षाच्या जिवंत मुळांशी देवघेव करून जगते, झाड तिला साखर देतं आणि ती झाडाला मातीतलं पाणी आणि क्षार आणून देते. ते नातं पिशवीत कसं भरणार? कुणी तुम्हाला 'कुठलीही अळिंबी घरी पिकवा' असं सांगत असेल तर हा फरक लक्षात ठेवा.

आपल्याकडचा हंगाम जुलै ते फेब्रुवारी. पहिली खेप दसरा-दिवाळीच्या सुमाराला लावावी असं माझं मत. पावसाळ्यात हवेत ओल आयती मिळते, पण माश्या आणि हिरवी बुरशीही आयतीच येते, नवख्याला ते झेपत नाही. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १० च्या खाली गेला की वाढ रेंगाळते, बिघडत मात्र काही नाही. एप्रिल ते जून नादच सोडा. चाळीसच्या वर गेलेल्या कोरड्या हवेत कूलर लावून मी एक उन्हाळा झगडून पाहिलं आणि विजेचं बिल तेवढं पिकवलं.

सामान

पहिल्या खेपेला ५ किलो कोरडा भुसा पुरे. गव्हाचा किंवा सोयाबीनचा, दोन्ही माळव्यात मुबलक. सोयाबीनचा भुसा भिजल्यावर लवकर दबतो, म्हणून मी त्यात निम्मा गव्हाचा मिसळते. भुसा यंदाचा, पिवळा, न भिजलेला असावा. मुठीत घेऊन वास घ्या. कुबट वाटला तर परत करा, मग तो फुकटात का मिळेना. ज्या शेतकऱ्याकडून आम्ही आणतो त्याच्या आजूबाजूला गहू निघाला की अजूनही काही जण नरवाई, म्हणजे शेतात उरलेली काडी, पेटवतात. जी काडी फोडायला धिंगरीला दोन महिने लागतात, ती दहा मिनिटांत धूर होऊन जाते, आणि मातीच्या वरच्या थरातले सारे बारीक जीव तिच्याबरोबर.

बेणं, म्हणजे स्पॉन, ४०० ते ५०० ग्रॅम. उकडलेल्या गव्हाच्या दाण्यांवर बुरशीचे पांढरे धागे वाढवलेले असतात. दाणे एकसारखे पांढरे हवेत. हिरवा-काळा ठिपका, तळाशी पाणी किंवा आंबूस वास असेल तर घेऊ नका. सप्टेंबरच्या उकाड्यात कुरियरनं मागवलेलं माझं पहिलं बेणं दोन दिवस कुठल्या तरी गाडीत शिजून आलं होतं. विक्रेत्यानं हात वर केले, आणि मीही हट्टानं तेच वापरलं. भुसा, गॅस, तीन आठवडे, सगळं वाया. तेव्हापासून बेणं जवळूनच, सकाळच्या गारव्यात, हातानं आणायचं. चौकशीची सुरुवात कस्तुरबाग्रामच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी महाविद्यालयात करा. देशातली अळिंबी संशोधनाची मुख्य संस्था हिमाचलात सोलनला आहे, पण चार पिशव्यांसाठी तिथवर जायची गरज नाही.

याशिवाय १४ बाय २० इंचांच्या पारदर्शक पॉलिथिनच्या ४ पिशव्या, सुतळी, एक मोठं पातेलं, गोणपाट, स्वयंपाकात वापरतात तसा थर्मामीटर, हातपंपाची फवारणीची बाटली आणि आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र. शेवटची वस्तू लोक टाळतात. टाळू नका, इंदूरची हिवाळी हवा अंगाला वाटते त्याहून फार कोरडी असते.

भुसा भिजवणं आणि तापवणं

भुसा गोणपाटात सैल भरून तोंड बांधा आणि १०-१२ तास गार पाण्यात बुडवून ठेवा. तरंगतो, म्हणून वर वजन लागतं. आमच्याकडे वरवंटा आहे, मिक्सर आल्यापासून त्याला एवढंच काम. नळाला नर्मदा एक दिवसाआड येते, त्यामुळे पाणी येतं त्या संध्याकाळी भुसा बुडवायचा असा माझा नेम. उरलेलं तपकिरी पाणी कुंड्यांना घाला, झाडं आनंदानं पितात.

दुसऱ्या दिवशी पातेल्यात पाणी ८० अंशांपर्यंत तापवा, पोतं त्यात बुडवा आणि पुढचा एक तास पाणी ७५ ते ८० च्या दरम्यान राखा. भुसा घातला की तापमान घसरतं, तास तिथून मोजायचा नाही, परत ७५ ला आल्यावर मोजायचा. पातेलं लहान असेल तर दोन-तीन घाण्यांत करा. मोठ्या प्रमाणावर करणारे फॉर्मॅलिन आणि बुरशीनाशकाच्या पाण्यात भुसा बुडवतात. घरात, खाण्याच्या वस्तूसाठी, मी ते करणार नाही.

इथं एक गोष्ट मला फार उशिरा कळली. मला वाटायचं, जितकं तापवू तितकं शुद्ध. एकदा थोडा भुसा प्रेशर कुकरमध्ये पाऊण तास शिट्ट्या देऊन काढला, आणि नेमकी तीच पिशवी सगळ्यात आधी हिरवी पडली. ७५-८० अंशांत तिथले सगळे जीव मरत नाहीत. उपद्रवी बुरश्या बहुतेक मरतात, पण उष्णता सोसणारे काही जिवाणू टिकतात आणि नव्या घुसखोराला जागा देत नाहीत. पूर्ण निर्जीव केलेला भुसा म्हणजे कुलूप नसलेलं रिकामं घर, हवेतून पहिला जो पडेल तो मालक. प्रयोगशाळेत बंद हवेत काम चालतं म्हणून त्यांना ते परवडतं. न्हाणीघरात नाही.

तापवलेला भुसा धुतलेल्या जाळीवर किंवा उतरत्या ओट्यावर तीन-चार तास निथळू द्या. मग मूठ दाबून पाहा. हात ओला व्हावा, पण थेंब गळू नये. सगळ्यात जास्त पिशव्या इथल्या आळसानं जातात. थेंब गळत असेल तर आणखी पसरा, पंख्याखाली नव्हे, नुसता. ५ किलोचा भुसा निथळून साधारण १४ किलो भरतो. तो हाताला गार लागल्याशिवाय बेण्याला हात लावू नका, ३० अंशांच्या वर बेणं भाजतं.

पिशव्या भरणं, म्हणजे सोवळं

पहिल्या वर्षी मी भरलेल्या आठ पिशव्यांपैकी तीन हिरव्या झाल्या. दुसऱ्या वर्षी माझा हात दुखावला होता, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "सांग काय करायचं ते, मी करते." मी सांगू लागले. आंघोळ करून धुतलेले कपडे, केस बांधलेले, नखं कापलेली. पंखा बंद, दार बंद. पिशवी उघडी असताना बोलायचं नाही. हात साबणानं धुऊन स्पिरिटनं पुसायचे आणि मग पिशवीखेरीज कशाला शिवायचं नाही, चष्मा घसरला तरी. त्या हसायलाच लागल्या. "हे तर कुलधर्माचं पुरण घालण्यासारखंच झालं." साठ वर्षं ज्या हातांनी ओलेत्यानं नैवेद्य शिजवला त्यांना मी काय शिकवणार? त्यांची एकही पिशवी त्या वर्षी बिघडली नाही.

सोवळ्याची दुसरी बाजूही मला ठाऊक आहे. लग्नानंतर कितीतरी वर्षं महिन्याचे चार दिवस मी याच घरात बाजूला बसले आहे, याच न्हाणीघराशेजारच्या खोलीत. म्हणून तिसऱ्या वर्षी मुद्दाम त्या दिवसांत पिशव्या भरल्या, वर सांगितलेली स्वच्छता काटेकोर पाळून, आणि त्यांना तसं सांगूनही टाकलं. अठराव्या दिवशी चारही पिशव्या दुधासारख्या पांढऱ्या. सासूबाईंनी एकेक पिशवी हातात घेऊन उजेडात फिरवून पाहिली आणि जागेवर ठेवली. बोलल्या काहीच नाहीत. साबण, स्पिरिट आणि बंद दार एवढंच बुरशीला कळतं.

आता कृती. पिशवीत चार बोटं भुशाचा थर घाला, हलक्या हातानं दाबा आणि कडेकडेनं बेणं भुरभुरवा. मध्ये घालायची गरज कमी, धागे आत आपणहून शिरतात. असे चार-पाच थर. एका पिशवीत साडेतीन किलो भुसा आणि १०० ते १२० ग्रॅम बेणं बसतं. घट्ट दाबा पण ठेचू नका. तोंड सुतळीनं बांधून स्पिरिटनं पुसलेल्या सुईनं चौफेर १५-२० भोकं पाडा. वर तारीख लिहा. 'लक्षात राहील' म्हणाल, राहत नाही.

अंधारातले तीन आठवडे

पिशव्या २२ ते २६ अंशांत, अंधारात, एकमेकींना न चिकटता ठेवा. १५ ते २० दिवसांत पांढरे धागे सगळा भुसा गुंडाळतात. पाणी नको, उघडणं नको. थंडीत आणखी आठवडा लागू शकतो. पिशवी आतून जरा गरम लागते, ते चांगलंच आहे, पण चार पिशव्या एकावर एक रचल्यात तर मधली स्वतःच्याच उष्णतेनं मरते.

या दिवसांत माणसाला काही करायला नसतं आणि तेच अवघड जातं. मी रोज टॉर्च घेऊन जायचे. मग फक्त गुरुवारी बघायचं असं ठरवून घेतलं. मी ध्यान-जप फारसं करणारी नाही. पण सगळं मनापासून केल्यावर हात मागे घ्यायचे आणि वाढणाऱ्याला वाढू द्यायचं, याची सवय मला कुठल्या पोथीनं लावली नाही, ती या पिशव्यांनी लावली.

याच सुमाराला कधी नागपंचमीचा विषय निघाला होता. आमच्याकडे त्या दिवशी चिरायचं नाही, भाजायचं नाही, खणायचं नाही. सासूबाईंच्या माहेरी बायका गावाबाहेर वारुळाला दूध-लाह्या न्यायच्या. मी त्यांना सांगितलं, की काही वारुळांच्या आत वाळवी स्वतः अळिंबीची शेती करते. चावलेल्या लाकडाच्या भुशाचं मधाच्या पोळ्यासारखं पोळं रचते, त्यावर बुरशी वाढवते आणि तीच खाते. पावसाळ्यात सह्याद्रीत वारुळावर उगवणारी आणि टोपल्यांनी विकायला येणारी अळंबी ती हीच. वाळवीचा हा धंदा सुमारे ३ कोटी वर्षं जुना आहे, आपली शेती जेमतेम १० हजार. त्या क्षणभर थांबून म्हणाल्या, "म्हणजे आम्ही नागाची म्हणून पूजा करत होतो ती शेतकऱ्याचीच की."

फळं धरणं

पिशवी पूर्ण पांढरी झाली की ती उजेडात आणा, वर्तमानपत्र वाचता येईल इतपत. ऊन थेट नको. बऱ्याच माहितीपत्रकांत पॉलिथिन पूर्ण सोलून काढायला सांगतात. इंदूरच्या हिवाळ्यात तसं केलंत तर गठ्ठा दोन दिवसांत सुकतो. मी ब्लेडनं दोन-दोन इंचांचे आठ-दहा फुलीचे छेद देते, आणि पॉलिथिन तसंच ठेवते.

आता आर्द्रता ८० ते ८५ टक्के हवी. भिंती, जमीन आणि टांगलेली ओली गोणपाटं यांवर दिवसातून तीन-चारदा फवारा मारा. पिशवीवर मारलाच तर धुक्यासारखा. कोवळ्या कळ्यांवर थेट पाणी बसलं तर त्या पिवळ्या पडून कुजतात. सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास खिडकी उघडा, जाळी लावून. अळिंबी आपल्यासारखाच श्वास घेते, प्राणवायू आत आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर. वंशावळीतही ती झाडांपेक्षा प्राण्यांच्या जवळची आहे. कोंडलेल्या खोलीत देठ लांबलचक आणि टोपी बटणाएवढी होते. तसं दिसलं की खत-औषध काही नको, खिडकी उघडा.

छेदांमधून चार-पाच दिवसांत टाचणीच्या डोक्याएवढ्या कळ्या येतात आणि पुढच्या तीन-चार दिवसांत घोस तयार. टोपीची कड खाली वळलेली आहे तोवर काढा. कड वर उलटली की उशीर झाला, चव जाते आणि बीजाणूंची पांढरी धूळ सुटते. ती धूळ काहींच्या छातीला बाधते. म्हणून झोपायच्या खोलीत पिशव्या कधीही ठेवू नका आणि दमा असलेल्यानं काढणीला मास्क लावावा. घोस बुडाशी धरून पिरगळला की सुटतो, सुरी लागत नाही. बुडखा मागे राहू देऊ नका, तिथून सडतं.

आठ-दहा दिवसांनी दुसरा बहर, मग तिसरा. पहिल्या खेपेला ५ किलो भुशातून सगळे मिळून अडीच ते साडेतीन किलो अळिंबी निघाली तरी उत्तम समजा.

बिघाड ओळखणं सोपं आहे. हिरवा डाग म्हणजे ट्रायकोडर्मा नावाची बुरशी. पिशवी न उघडता बाहेर न्या, ती खोलीत उघडून बघणं म्हणजे चोराला किल्ली देणं. काळी शाई होऊन विरघळणाऱ्या बारीक छत्र्या दिसल्या तर भुसा जास्त ओला राहिला होता किंवा नीट तापला नव्हता. त्या उपटून टाका, धिंगरी बहुतेक वेळा सावरते. आंबट वास म्हणजे पाणी जास्त. माश्यांना पिवळे चिकट कागद.

ताटात

ताजी अळिंबी कागदी पिशवीत फ्रीजमध्ये तीन-चार दिवस राहते. तिच्यात ९० टक्के पाणी, त्यामुळे किलोभर वाळवलीत तर शंभर ग्रॅम उरते. ती कुटून आमटीत चिमूटभर घाला. वाळवण्याआधी टोपीची खालची बाजू वर करून तासभर उन्हात ठेवली तर ड जीवनसत्त्व चांगलं वाढतं. नेहमी शिजवून खा आणि पहिल्यांदा थोडीच.

पिशवीत यश आलं की माणसाची नजर बागेतल्या, रस्त्याकडेच्या छत्र्यांकडे वळते. त्या खाऊ नका. चांदीचा चमचा काळा पडतो का बघा, किड्यांनी खाल्लीय का बघा, असल्या परीक्षा सगळ्या खोट्या आहेत, आणि काही विषं शिजवूनही जात नाहीत. जंगलातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या ओळखून आणतात, ती ओळख मोबाइलवर मिळत नाही.

आमच्या जैन शेजाऱ्यांकडे अळिंबी चालत नाही, त्यांना मी वाटी पाठवत नाही. नैवेद्यातही ती जात नाही, ते सासूबाईंचं खातं.

उरलेला भुसा

तीन बहरांनंतर गठ्ठा हलका, मऊ, स्पंजासारखा होतो. घंटागाडीत ओल्या कचऱ्यात टाकलात तर तो देवगुराडियाच्या प्रकल्पात जाऊन गॅस होईल, वाईट नाही. पण या शहरात राहून त्याचं खत न करणं मला जिवावर येतं. १९२४ ते १९३१ या काळात इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड इथं, होळकर दरबारानं दिलेल्या जमिनीवरच्या संस्थेत, काडीकचऱ्याचं खत करण्याची पद्धत बसवत होते. त्यांच्या जोडीला होते यशवंत वाड. ती जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. त्या जागेवर आता कृषी महाविद्यालय आहे. हॉवर्डसाहेबांनी पुढे मुळांशी नातं जोडणाऱ्या बुरशीवर फार भर दिला.

गच्चीवर त्यांची पद्धत लहान करून चालते. जुन्या प्लास्टिकच्या टबाला खाली भोकं पाडा. वापरलेला भुसा वीतभर, त्यावर शेणकाला, मूठभर माती आणि चिमूट राख, असे थर. ओल तीच, मूठ दाबून थेंब गळणार नाही इतकी. दोन-तीन आठवड्यांनी खालवर करा, आणखी तीन आठवड्यांनी परत. तीन महिन्यांत काळं, पावसाच्या वासाचं खत होतं.

कृष्णपुऱ्यातल्या होळकरांच्या समाधी-छत्र्यांवरून जाताना आमची नात नेहमी विचारते, या दगडी छत्र्यांच्या खाली कोण आहे? राजे, मी सांगते. गेल्या श्रावणात तुळशीवृंदावनात मी हेच खत घातलं होतं आणि आठवड्यात तिथं चार करड्या, नाजूक छत्र्या उगवल्या. धिंगरी नव्हे, दुसऱ्याच कुठल्या तरी. मी उपटायला वाकले, तर सासूबाई म्हणाल्या, "राहू दे. दुपारपर्यंत जातात आपल्या आपण." आणि त्यांना चुकवून तुळशीला पाणी घातलं.